चुकीने उघडलेली चौकशी बंद न करण्याबाबत

प्रति,
मेहेरबान अंमलदार साहेब,
नकला व किरकोळ चौकशी कचेरी,
सोलापूर यांचे सेवेशी

अर्जदार : सोमलिंग तिप्पण्णा बोरामणीकर, वय वर्षे ४६, धंदा अर्ज लिहिणे, राहणार भवानी पेठ, सोलापूर.

विषय : बाळाबाई कोंडीबा हिचे मूल हरवल्याची चौकशी अर्जदाराच्या चुकीने सुरू झाली असली तरी ती बंद न करण्याबाबत.

संदर्भ : आपले कचेरीचे पत्र, तारीख ९ सप्टेंबर १९३५. ("मूल हरवलेले नाही असे अर्ज लिहिणाराने आठ दिवसांत लेखी द्यावे.")

महोदय,

१. अर्जदार गेली बावीस वर्षे आपल्या आवाराबाहेर चिंचेखाली बसून लोकांचे अर्ज लिहितो. कचेरीवर संतापून आलेल्या कित्येक माणसांना या हाताने शेवटी 'आपला नम्र' करून सोडले आहे. स्वतःसाठी अर्ज लिहिण्याचा प्रसंग मात्र आजवर आला नव्हता. दुसऱ्याची चूक तीन ओळींत मावते असा अनुभव होता. स्वतःची मावेना, सबब लांबीबद्दल आधीच माफी मागतो.

२. अर्जदारास वाचनाचा नाद आहे. पेठेतल्या वाचनालयात येणाऱ्या मासिकांत नव्या शोधांची पाने असतात, ती अर्जदार सर्वांत आधी पळवतो. बिनतारी संदेश, बोलपट, लाकडाच्या लगद्याचे रेशीम, हवेतून जाणारी टपाल, हे सर्व वाचून अर्जदाराचे असे ठाम मत झाले की येत्या दहा वर्षांत हाताने काम करणारा मनुष्य उपाशी मरणार, आणि शहाण्या धंदेवाल्याने आजच आपले धोरण बदलले पाहिजे. या मतावर अर्जदाराने वाचनालयात 'येणारी यंत्रे व आपला धंदा' असे व्याख्यानही दिले. अकरा माणसे हजर होती. पैकी चौघे वर्तमानपत्र मोकळे होण्याची वाट पाहत होते. अर्जदाराने शिंप्याला, टांगेवाल्याला आणि लोहाराला जे सल्ले दिले ते त्यांनी मानले नाहीत व त्यांचे बरे चालले आहे. सल्ला मानणारा एकच मूर्ख निघाला, तो स्वतः अर्जदार.

३. अर्जदाराने मुंबईहून नागरी अक्षरे उमटवणारे एक जुने यंत्र आणविले व गेल्या माघात चिंचेखाली मांडले. शेजारी महिपतराव बसतात. ते चाळीस वर्षे बोरूने लिहीत आले आहेत. यंत्राचा खडखड आवाज ऐकून ते म्हणाले, "अप्पा, लोक आपल्याकडं अक्षरासाठी येत न्हाईत. त्येंचं कुनीतरी ऐकून घ्यावं म्हनून येत्यात." अर्जदारास त्यांची कीव आली. म्हातारा मागे पडला, असे त्या दिवशीच्या टिपणात लिहून ठेवले आहे.

यंत्र मुळात हिंदी लिहिण्यासाठी केलेले असल्याने त्यात 'ळ' हे अक्षर नाही. ही गोष्ट पैसे देऊन झाल्यावर तिसऱ्या दिवशी ध्यानात आली. पहिले काही आठवडे अर्जदार 'ल' उमटवून त्याला हाताने शेपूट काढीत असे. पण यंत्राच्या स्वच्छ कागदावर शाईचा डाग पाहून जीव कळवळे. एवढा मोठा उत्तर हिंदुस्थान या अक्षराविना सुखाने नांदतो, मग सोलापूरचेच काय अडणार, असा विचार करून शेपूट काढणे बंद केले. थोड्याच दिवसांत चनबसप्पा यांच्या विहिरीतला 'गाल' काढण्याची परवानगी मागणारा अर्ज आपल्याकडे आला असेल. त्यावर "कोणाचा? खुलासा व्हावा" असा शेरा आपण मारला होता. अर्जदाराने तेव्हाच शहाणे व्हावयाचे होते. उलट अर्जदार चनबसप्पांना म्हणाला की नव्या गोष्टीची कचेरीला सवय व्हायला वेळ लागतो.

४. बाळाबाई ही विधवा बाई गिरणीच्या दरवाजाशी भाकरी व शेंगाची चटणी विकते. त्या जागेवर बसण्याचा तिचा दाखला घर गळून पेटीत पाणी शिरल्याने कुठे गेला तो सापडेना. नक्कल हवी म्हणून ती दहा जुलै रोजी अर्जदाराकडे आली. पेटी कशी, पाणी कसे, शेजारणीने काय केले, असे ती पहिल्यापासून सांगू लागली. अर्जदाराने तिला थांबविले. नव्या धोरणाप्रमाणे अर्ज तारेसारखा तुटक असावा असे अर्जदाराने ठरविले होते. "बाई, मुद्द्याचं बोला, मुद्द्याचं," असे शब्द अर्जदाराने वापरले. मग पुढील मजकूर छापून दिला :

"अर्जदार बालाबाई कोंडीबा हिचे मूल हरवले आहे. घरी, शेजारी व बाजारात शोधले. सापडत नाही. तरी तजवीज व्हावी."

'मूळ' म्हणजे दाखल्याचा मूळ कागद, हे अर्जदाराच्या डोक्यात होते. कागदावर नव्हते. मजकूर इतका आटोपशीर झाला म्हणून अर्जदाराने तो महिपतरावांना मुद्दाम वाचून दाखविला, आणि वाचताना 'मूळ' असेच वाचले.

५. आपल्या कचेरीने तो कागद जसा होता तसा वाचला व जशी करावी तशी तजवीज केली. यात कचेरीचा काडीचाही दोष नाही. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एक जमादार गिरणीच्या दरवाजाशी गेले व त्यांनी बाळाबाईला विचारले, "बाई, तुमचं मूल कुठं हरवलं?"

तिचा हात पिठात होता. पुढे जे झाले ते जमादारांनी व तिने, दोघांनीही अर्जदारास सारखेच सांगितले. तव्यावरची भाकरी जळाली. मग ती म्हणाली, "सतरा सालं झाली की. तुमास्नी आत्ता कळलं व्हय?"

६. सन १९१८ च्या मानमोडीच्या तापाच्या साथीत बाळाबाई व तिचा नवरा पुण्यास बांधकामावर होते. नवरा तिथेच गेला. ती अडीच वर्षांच्या मुलीला, मथुरेला, घेऊन गाडीने सोलापूरला निघाली. वाटेत तिलाच ताप भरला. शुद्धीवर आली तेव्हा ती सोलापुरात आजाऱ्यांच्या छावणीत होती. गाडीतून बेशुद्ध उतरवलेल्या माणसांना मागून येणाऱ्या गाडीने तिथे आणीत असत. तिला कोणत्या स्टेशनावर उतरविले हे तिला ठाऊक नव्हते. मूल कुठे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. गेले असेल, असे लोक म्हणाले. गेलेले मात्र कोणी दाखविले नाही.

हे ऐकून अर्जदार तिला म्हणाला की मग त्याच वेळी अर्ज का नाही केला. त्यावर तिने अर्जदाराकडे पाहिले. "आले व्हते की, अप्पा. तुमच्याकडंच. तुमी म्हनला, बाई, हजारो मेल्यात, अर्ज करून काय व्हतंय."

अर्जदारास हे आठवत नाही. त्या दिवसांत चिंचेखाली वारसांची रांग लागत असे, आणि अर्जदार एकोणतीस वर्षांचा व फार हुशार होता. असे म्हटले असेल. म्हटलेच असेल.

७. अर्जदाराने लाजेने दुसऱ्याच दिवशी आपल्या कचेरीत खुलासा दिला की अर्ज दाखल्याबद्दल होता. आपण कृपा करून चार दिवसांत नक्कल दिली व बाळाबाई आपल्या जागेवर बसली आहे. पण तोवर जमादारांनी तिची हकिकत पुण्याकडच्या रेल्वे लाइनीवरच्या ठाण्यांना कळविली होती. वीस ऑगस्टला केमहून उत्तर आले. त्या साली केम स्टेशनच्या फलाटावर सुमारे तीन वर्षांची एक मुलगी तापात सापडली. स्टेशनात रुळांचे सांधे बदलणाऱ्या सांधेवाल्याने ती घरी नेली व त्याच्या बायकोने, सोनाबाईने, ती वाढविली. सांधेवाला वारला आहे. मुलीला भीमा म्हणतात. तिचे लग्न केममध्येच झाले आहे.

८. पंचवीस ऑगस्टच्या रविवारी अर्जदार बाळाबाईस घेऊन केमला गेला. सोनाबाईने पाणी दिले, घोंगडे टाकले, आणि स्वतः दारात उभी राहिली. ती काही केल्या बसेना. भीमेला बोलावणे गेले. ती शेतातून आली, हातापायाला माती होती. अर्जदाराने वही उघडली व अंगावरच्या खुणा, सापडली तो दिवस, अंगावरचे कपडे, असे प्रश्न क्रमाने विचारू लागला. बाळाबाई म्हणाली, "अप्पा, ती वही ठिवा."

मग तिने भीमेला एवढेच विचारले, "पोरी, तुला गाडीतलं काय आठवतंय का?"

"न्हाय वो," भीमा म्हणाली. "मला समदं हितलंच आठवतंय."

तेव्हा सोनाबाई दाराशीच खाली बसली. बाळाबाई तिला म्हणाली, "बाई, मी तिला न्यायला आले न्हाय. बगायला आले." पुढे दोन तास त्या तिघी पाऊसपाण्याचे व भुईमुगाचे बोलत होत्या. अर्जदारास कोणी काही विचारले नाही.

परतीच्या गाडीत बाळाबाई कुर्डुवाडीपर्यंत खिडकीतून फलाटावरच्या बायका पाहत होती. मग म्हणाली, "तिची चाल माज्या आईसारकी हाय. पर तसं म्हनलं तर कुनाची बी चाल कुनासारकी असती."

९. तेव्हापासून भीमा दर मंगळवारी बाजाराच्या निमित्ताने सोलापूरला येते व गिरणीच्या दरवाजाशी बाळाबाईजवळ बसते. आजवर तीनदा आली. दोघींचे फारसे जमत नाही. भीमा म्हणते भाकरी जाड होते, बाळाबाई म्हणते तिचे पीठच सैल असते. दुपारी गिरणीचा भोंगा झाला की दोघी एका ताटात जेवतात. दोघी एकमेकींना नुसते "अवो" म्हणतात. त्यापलीकडे काय म्हणावे हे त्यांना कोणी सांगितलेले नाही, आणि सांगण्याचा अधिकार कोणास आहे हे अर्जदारासही कळत नाही.

१०. अशात आपले नऊ तारखेचे पत्र आले. मूळ अर्जच दाखल्याचा असल्याने चौकशी निरर्थक ठरते व दप्तर बंद करावयाचे आहे, सबब "मूल हरवलेले नाही" असे अर्जदाराने लिहून द्यावे. कचेरीच्या दृष्टीने हे अगदी रास्त आहे. अर्जदाराने बावीस वर्षांत लोकांच्या सांगण्यावरून पुष्कळ खोटे लिहिले. धडधाकट माणसांना अंथरुणाला खिळवले, भरल्या विहिरी कोरड्या केल्या, पडलेल्या भिंतींची उंची वाढविली. त्या मानाने ही तीन शब्दांची ओळ काहीच नव्हे. आठ दिवस अर्जदार कागद पुढे घेऊन बसतो आहे. ओळ हातून उतरत नाही. मूल हरवले होते. अर्जदाराच्या चुकीने कचेरीला जे कळले तेवढेच त्या अर्जात खरे होते.

११. सबब विनंती अशी की,

छावणीत आणलेल्या आजाऱ्यांच्या त्या सालच्या याद्या रेल्वेच्या जुन्या दप्तरात आहेत, व कोणाला कोणत्या स्टेशनावर उतरविले हे त्यांत नोंदले आहे, असे जमादारांकडून समजते. खाजगी माणसास त्या दाखवीत नाहीत. आपल्या कचेरीचे पत्र गेल्यास पाहता येतील. बाळाबाईच्या नावापुढे केम असेल तर तसे कळावे. दुसरे स्टेशन असेल तर तेही कळावे. अर्जदाराने तिला विचारले की दुसरे निघाले तर काय करणार. ती म्हणाली, "न्हाय म्हनून आलं तरी चालंल. पर इचारा."

चुकीचा अर्ज करून सरकारी वेळ घेतल्याबद्दल अर्जदारास जी शिक्षा योग्य वाटेल ती करावी. चिंचेखालून उठविल्यासही तक्रार नाही. महिपतराव अर्जदाराची गिऱ्हाइके सांभाळतील, आणि गिऱ्हाइकांचे त्यात नुकसान नाही. फक्त दप्तर तेवढे उघडे असावे.

याद्या पाहण्याचा हुकूम होईल या आशेवर थांबलेल्या तीन बायकांच्या वतीने,

आपला नम्र, आणि या खेपेस कोणाच्या सांगण्यावरून नव्हे,

सोमलिंग तिप्पण्णा बोरामणीकर
(सही दस्तुरखुद्द)

सोलापूर, तारीख १६ सप्टेंबर १९३५

सोबत :

(अ) दहा जुलैच्या अर्जाची नक्कल.

(ब) बाळाबाई कोंडीबा हिची हकिकत, पाने सात, निशाणी डाव्या हाताचा अंगठा. तिने जशी सांगितली तशी पहिल्यापासून लिहिली आहे. काही गाळलेले नाही.

(क) सोनाबाई, राहणार केम, हिचा जबाब, निशाणी डाव्या हाताचा अंगठा : "चौकशीला माजी हरकत न्हाय. रेल्वेच्या कागदात काय बी निगू द्या. पर निगंल ते आदी मला सांगा, मग मी माज्या तोंडानं पोरीला सांगीन."