खालच्या पट्टीतलं गाणं

लातूर,
रविवार, दुपार

प्रिय लुंबे,

फोन केला तर तू उचलत नाहीस, मेसेज केला तर नुसता अंगठा पाठवतेस. म्हणून पत्रच लिहायला बसले. माझी मुलगी आत्ता कुठे झोपलीय, वीरेश मिलवर गेलाय आणि सासूबाई आत डिंकाचे लाडू वळताहेत, तेवढ्यात लिहून घेते. मुलगी झाली हे कळवलं त्यावरही तुझा अंगठाच आला होता, म्हणून सविस्तर सांगते. नाक माझ्या अण्णांवर गेलंय, रंग वीरेशचा, आणि आवाज थेट आमच्या डाळमिलचा. एकदा सुरू झाली की गल्लीतल्या कुत्र्यांनाही जागा बदलावी लागते.

तुझ्या गळ्याच्या ऑपरेशनचं मला तुझ्या आईकडून कळलं. तूच सांगायला हवं होतंस, याचा राग आहे आणि तो समोरासमोर काढणार आहे. आवाज आता असाच घोगरा, दबका राहणार असं डॉक्टर म्हणाले, तेही कळलं. शाळेत तुझ्या वर्गाला कविता दुसऱ्या बाई म्हणून दाखवतात, आणि तू घरातसुद्धा पाटीवर लिहून बोलतेस म्हणे. काकू फोनवर रडत होत्या. मलाही रडू आलं, खोटं कशाला सांगू? पण मग काल एक गोष्ट झाली, ती तुला सांगितल्याशिवाय चैन पडेना.

काल लेकीला मांडीवर घेऊन बसले होते आणि मोबाईलवर ‘सेबोम’ दिसले. आपले सेबोम गं! कोरियातले ते चौघं, जे कधी नाचले नाहीत. बाकीच्या पोरींना ते नाचणारे, रंगीत केसांचे गट आवडायचे आणि आपण दोघी या काळ्या कोटातल्या, उंच स्टुलांवर बसून गाणाऱ्या काकालोकांवर जीव टाकायचो. लातुरात डॉक्टर व्हायला आलो होतो आपण, आणि क्लासवरून आल्यावर होस्टेलच्या गच्चीत एकेक इअरफोन कानात घालून काय करायचो, तर कोरियन गाणी देवनागरीत उतरवून घ्यायचो. मेसच्या शिवकांता मावशी खालून ताट वाजवायच्या, जेवायला या म्हणून, आणि आपलं कडवं काही संपायचं नाही. ज्या गाण्यावर आपण गळ्यात गळा घालून रडलो, ते आईच्या हातच्या मुळ्याच्या रश्श्याचं निघालं, आठवतं? तरी पुढच्या वेळी पुन्हा रडलोच. डॉक्टर दोघीही झालो नाही, यात नवल ते काय!

आमच्याकडे सोमवारच्या भजनात सगळे एका सुरात गातात आणि ज्याचा गळा मोठा तो जिंकतो. हे चौघं मात्र चार वाटांनी निघायचे आणि एका दारात भेटायचे. आधी तो खालच्या आवाजाचा, ज्याला आपण आप्पासाहेब म्हणायचो, कारण तो आपल्या मेसवाल्या आप्पासाहेबांसारखा दिसायचा. मग मधले दोघं. आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात वर, चष्मिस. त्याचा सूर लागला की तू माझा दंड धरायचीस, नखं रुतायची. मी नेहमी आप्पासाहेब व्हायचे आणि तू चष्मिस. शिवकांता मावशी म्हणायच्या, “ही काळी पोरगी गायली की लई ग्वाड वाटतंय, अन् तू गायलीस की टमटम सुरू झाल्यावानी.” मी तेव्हा रुसले होते, पण बाई खरं बोलत होत्या.

मग ते एकेक करून सैन्यात गेले, तिकडचा नियमच तसा. जो गेला त्याची ओळ बाकीचे रिकामी सोडायचे आणि ती ओळ समोरचे लोक गायचे. पुढे त्यांची कंपनी मोडली, नावावरून भांडणं झाली, आणि आपणही नोकऱ्या-लग्नांत गुंतलो. काल कळलं की चष्मिसच्याही गळ्याचं ऑपरेशन झालं होतं. तो बरीच वर्षं गप्प होता. काल चौघं पुन्हा स्टुलांवर बसले होते, पोटं सुटलेली, केस विरळ. तेच रश्श्याचं गाणं लागलं आणि माझ्या लक्षात आलं, त्यांनी अख्ख्या गाण्याची पट्टीच उतरवलीय. आप्पासाहेबाला इतकं खाली जावं लागलं की बिचारा नुसताच गुरगुरत होता. चष्मिसची ओळ आली. मला वाटलं, दुसरं कुणी सावरून घेईल. कुणी घेतली नाही. तिघं थांबले, आणि त्यानं ती ओळ जवळजवळ कुजबुजत म्हटली, घोगऱ्या आवाजात, आईशी स्वयंपाकघरात बोलावं तशी. लुंबे, ते गाणं खरं कशाचं आहे हे मला काल पहिल्यांदा कळलं. आणि मांडीवरची माझी मिल, जी कुणाच्या बापाला ऐकत नाही, ती त्या ओळीला गप्प झाली, डोळे मोठे करून.

आता कामाचं लिहिते. आमच्या लिंगायत रीतीप्रमाणे जंगमस्वामींनी लेकीच्या गळ्यात लिंग बांधलं, पण बारसं अजून राहिलंय, कारण घरात पेच आहे. नाव आत्यानं ठेवायचं असतं, आणि वीरेशला सख्खी तर सोडच, चुलतबहीणही नाही. काल ते गाणं संपलं आणि मी सासूबाईंना सांगून टाकलं की माझ्या लेकीची आत्या हिमायतनगरला राहते. तुझ्या आवाजाचंही सांगितलं. त्या लाडू वळता वळता म्हणाल्या, “लेकराच्या कानात तर सांगायचंय, अडतीवर सौदा थोडाच पुकारायचाय! ये म्हणावं तिला.” पाळणा बायका म्हणतील, मी पण म्हणेन, टमटम तर टमटम. तू फक्त वाकायचं आणि तिच्या कानात कुर्र करायचं. मग पाठीत आमचे सगळ्यांचे बुक्के खायचे, त्यातला सगळ्यात जोरात माझा असेल, फोन न उचलल्याचा. येत्या रविवारी ये. नाव मी ठरवलेलं नाही, वीरेशलाही ठरवू दिलेलं नाही. ते तू ठरव आणि कुणालाही आधी सांगू नकोस. माझ्या लेकीनं तिचं नाव आयुष्यात पहिल्यांदा तुझ्या आवाजात ऐकावं, आत्ता आहे त्या आवाजात, एवढंच मला हवंय.

तुझीच टमटम,
सुकन्या