बुडिताच्या रेघेखालचं ताक

अण्णा, साउथ डकोटातल्या चार दुकानांच्या एका गावात आम्ही सकाळपासून अडकून पडलोय. भाड्याच्या गाडीचा फॅन बेल्ट तुटला, नवा साठ मैलांवरून यायचाय, आणि आणणारा माणूस म्हणे वाटेत जेवायला थांबलाय. शिकागो सोडल्यापासून तीन दिवस नुसतं गवत आणि सरळ रस्ता. दर मैलाला काटकोनात दुसरा रस्ता. कुणा मोजणीदाराने पट्टी ठेवून अख्खा मुलूख आखलाय. तुम्हीही मोजणीदार, असता तर खूश झाला असता. मला मात्र चौकटीच्या वहीवर सोडलेल्या मुंगीसारखं वाटतं. कुठेही वळा, पुढे रेघ आहेच.

काल एक म्युझियम पाहिलं. गोरे शेतकरी पहिल्यांदा आले तेव्हा ही जमीन रिकामी होती, असं फलकावर लिहिलेलं. शेजारच्या कपाटात त्या रिकाम्या जमिनीवरच्या माणसांचे बाण, पाळणे आणि चामडी जोडे मांडलेले. तुमची नात बारा वर्षांची आहे. तिला खोट चटकन दिसते, हे तुमचं. आणि दिसली की ती गप्प बसत नाही, हे तिच्या आईचं. मी मधल्यामध्ये सुटलो.

आत्ता बसलोय त्या कॅफेतून तळं दिसतं. कॉफी देणारी बाई साठीची, इथल्या मूळ लोकांपैकी. मुलीने तळ्याचं नाव विचारलं तर म्हणाली, "तळं कसलं, नदीच आहे. धरणाने अडवलेली. खाली माझ्या आईचं घर आहे." मग टेबल पुसता पुसता, "मोजायला एक माणूस आला होता. फार सभ्य. आमच्याकडे कॉफी प्यायला आणि म्हणाला, काळजी करू नका."

बाई आत गेल्यावर कार्टी माझ्याकडे वळली. "बाबा, ही न्यू, राइट? त्याला माहीत होतं ना?"

"असेल."

"देन व्हाय डिड ही ड्रिंक देअर कॉफी?"

अण्णा, तुमचा नियम होता. ज्या गावाची मोजणी धरणाच्या बुडितासाठी, त्या गावचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. तांब्या घरून न्यायचा. कॉलेजच्या सुट्टीत मला बरोबर नेलंत तेव्हा मी टोमणा मारला होता, "गाव बुडवलेलं चालतं, पाणी तेवढं चालत नाही." तुम्ही मोजणीच्या साखळीवरून नजर न काढता म्हणालात, "घोट घेतला की जीभ त्यांची होते. मग रेघ तरी वाकडी जाते, नाहीतर तोंड तरी खोटं बोलतं."

दुसऱ्याच दिवशी तुम्ही पुढे गेलेले असताना एक म्हातारी मला ओट्यावर बसवून ताक देते आणि विचारते, "बाळा, माझं घर पाण्यात का बाहेर?" तुमची बुडिताची तांबडी रेघ मी सकाळीच नकाशावर पाहिलेली असते, तिच्या घराच्या पुष्कळ वर. "बाहेर, आजी," मी म्हणतो. तिने त्या वर्षी घरावर नवी कौलं चढवली. नोटीस मिळाल्यावर ती तुमच्या कचेरीत आली, हे तुम्ही जेवताना आईला सांगितलंत. "म्हणते, तुमच्याच माणसाने सांगितलं बाहेर म्हणून. आपला साखळीवाला, दुसरं कोण? ताक प्यायला आणि थाप मारून आला. उद्यापासून येऊ नको म्हटलं त्याला." त्याने मला आणि म्हातारीला त्या ओट्यावर पाहिलं होतं. तरी त्याने माझं नाव घेतलं नाही. मी आईकडे आणखी आमटी मागितली.

बेल्ट आलाय, गॅरेजवाला हात हलवतोय. पुढे दोनशे मैल तसाच रस्ता आणि मागच्या सीटवर ती. मघाशी तिने विचारलं, आजोबा काय काम करायचे. मी म्हणालो, शाळेत गणित शिकवायचे. ते गाडीत दुरुस्त करावं लागेल, कारण गाडीतून उठून जाता येत नाही. हा कागद कॅफेतल्या ताटाखालचा आहे, आणि तुम्ही गेल्यावर त्यावर पत्ता कुठला घालणार? पण तिला सांगण्याआधी सराव म्हणून तुम्हाला सांगतो. ताक मी प्यायलो होतो. दोन पेले. दुसरा म्हातारीने माझं "बाहेर" ऐकल्यावर खुशीने भरला, आणि मी नको म्हणालो नाही.