आधी कॉलनीतलं मीटर दाखवा

माय, उद्या आपल्या गल्लीत नळाला मीटर बसवायला माणूस येणार हाय. बसवू द्यायचं का न्हाई, ते बाया मला विचारून राहिल्यात. मी न्हाई म्हणले तर कुणीच बसवू द्यायचं न्हाई, असं ठरलंय. म्हणून तुला लिहिते. परवा नळखात्याची एक मॅडम विहाराच्या ओट्यावर येऊन बसली. धरण किती लांब, पंपाला लाईट किती लागते, पाण्यात औषध टाकावं लागतं, सगळं सांगितलं. तिथपर्यंत मी गप ऐकलं. मग म्हणते, ‘तुम्ही लोक नळ आला की कालचं पाणी शिळं झालं म्हणून ओतून देता.’ माझं टकुरं फिरलं. म्हणलं, बाई, आठ-आठ दिवस नळाला पाणी न्हाई, आमच्याकडं शिळं व्हायला पाणी उरतंय कुठं? ही रीत कुणाच्या घरची हाय, ते कॉलनीत जाऊन विचार.

आठवतं का माय, मी लहान होते, लातूर नवा जिल्हा झालेला, साहेब लोकांच्या कॉलनीला रोज पाणी, आणि आपल्या गल्लीत दुष्काळ. तू तिथल्या एका साहेबाच्या घरी भांडी घासायला जायचीस, मी तुझ्या मागं मागं. प्यायच्या हंड्याला तुला हात लावायची परवानगी न्हाई. सकाळी नळ आला की साहेबाची बाई कालचा भरलेला हंडा अंगणात पालथा करायची आणि ताजं भरायची. माझा जीव तुटायचा. एक दिवस मी न राहवून म्हणलेच, ‘बाई, ते आम्हाला द्या की.’ तिनं दिलं. आमची घागर खाली ठेवायला लावली आणि वरून धार धरली. मी नाचत घरी आले. तू घागर बघितलीस, कुणाचं पाणी ते विचारलंस, आणि एकच म्हणालीस, ‘उचल. चल माघारी.’ मला वाटलं, मारती आता. बाईच्या व्हरांड्यात ताज्या पाण्याचा हंडा भरून ठेवलेला. तू आपली घागर त्यात रिकामी केलीस. म्हणालीस, ‘बाई, तुमचंच पाणी हाय, परत आणलं.’  बाईनं हंडा उचलला, सगळा अंगणात ओतला आणि राख घेऊन घासायला बसली. स्वतःच्या हातानं! तू माझ्याकडं बघून म्हणालीस, ‘पटलं का?’ दुसऱ्या दिवशी त्या घरचं काम सुटलं. तुला त्याचं काहीच वाटलं न्हाई. मला मात्र दोन्ही गोष्टींचा राग आला, तिच्या ओतण्याचा बी आणि तुझ्या ओतण्याचा बी. घरी रांजण कोरडा होता, माय. तू मला खरं दाखवलंस, पण त्या रात्री प्यायला काय होतं?

तेव्हापासून कुणी पाणी वाचवा म्हणलं की मी आधी त्याच्या अंगणाकडं बघते. परवा मॅडमला बी विचारलं, ‘कॉलनीत बसवले का मीटर?’ तर म्हणे, ‘हाव मावशी, तिथं तर आधी बसवले.’ मला ते खरं वाटलं न्हाई. मी हसले. शेजारीण म्हणली, ‘हसती काय, दात दिसून राहिलेत.’ आज तो मीटरवाला माप घ्यायला आला, तेव्हा त्याला सांगितलं, ‘आधी कॉलनीतलं मीटर दाखव, काटा फिरताना माझ्या डोळ्यांनी बघते, मग आमच्या नळाला हात लाव.’ वाटलं, आता चिडेल, साहेबाला विचारतो म्हणेल, टाळेल. तर म्हणतो कसा, ‘चला की मावशी, उद्या सकाळी बसा माझ्या गाडीवर, हव्या त्या घरात नेतो.’ सगळ्या गल्लीला हसू. ‘या वयात फटफटीवर मिरवणूक,’ शेजारीण टाळ्या पिटून राहिली. मी बी हसले.

ही चिठ्ठी कुठं टाकायची न्हाई, तू गेलीस तिथला पत्ता कुणाकडं हाय? पण एक सांगते, दुसऱ्या कुणाला सांगितलं न्हाई. तो एवढ्या लवकर हो म्हणला तेव्हापासून मी उद्याचं बोलणं जुळवून राहिले. तिथं मीटर नसलं तर काय बोलायचं, ते सगळं मला तोंडपाठ हाय. असलं तर काय बोलायचं, ते मला अजून सुचलं न्हाई.