मशालवाल्याला पुढे धाडणाऱ्या माझ्या वारसांस

मी, खाली सही करणारी, वय वर्षं एकाहत्तर, धंदा पूर्वी टंकलेखन आणि हल्ली आजारपण, असं लिहून ठेवते की हा मजकूर मी अक्कलहुशारीने, राजीखुशीने आणि कोणाच्याही धाकदपटशाला न जुमानता स्वतःच्या हाताने लिहिला आहे. ‘अक्कलहुशारीने’ हा शब्द मी वकीलसाहेबांच्या कचेरीत इतक्या मृत्युपत्रांवर टाइप केला की बोटांना पाठ झाला. त्यातल्या निम्म्या लोकांना अक्कल नव्हती आणि उरलेल्यांना हुशारी. माझं डोकं ठिकाणावर आहे, हृदय तेवढं नाही. दोन्हीबद्दलचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण दादा तो मागणार हे मला आत्तापासून दिसतंय.

हे टाइप न करता ज्या पेनाने हाताने लिहिते आहे ते मला कचेरीने निरोपाच्या दिवशी दिलं. आयुष्यभर टाइप करणाऱ्या बाईला पेन! कचेरीला या मृत्युपत्रान्वये काहीही मिळणार नाही.

माझी मिळकत म्हणजे हे राहतं घर, बँकेतली ठेव आणि घरातलं सामान. घर माझं स्वकष्टार्जित आहे. ते घेताना आपण पाठबळ दिलं असं दादा चारचौघांत सांगतो. पाठबळ म्हणजे तो एकदा घर बघायला आला होता आणि त्याने स्वयंपाकघरातला नळ सोडून पाहिला होता.

या घरात माझ्यासोबत माझी सख्खी धाकटी बहीण राहते. तिला सगळे धाकटीच म्हणतात, मीही तेच लिहीन. ती फळबाजारात लिलाव पुकारायची. बाजाराच्या या टोकाला ती बोलली की त्या टोकाचे हमाल पाट्या उचलायचे. मग मेंदूत रक्ताची गाठ झाली, उजवा हात लुळा पडला आणि वाचा अडली. समज कणभरही कमी झाली नाही. शब्द तेवढे एकेक करून येतात, मध्ये मोठं अंतर ठेवून. लोकांना तेवढा धीर नसतो, म्हणून ते तिला खुळी समजतात. माझ्यामागे धाकटीचं काय, एवढाच या कागदाचा विषय आहे. बाकी सामान काय, रद्दीवालाही नेईल.

आता खेळाबद्दल, कारण खालचे सगळे निर्णय मी त्यावरून घेतले आहेत आणि ‘म्हातारीचं डोकं फिरलं’ असं कोणीतरी म्हणणारच. धाकटीला बोलायला शिकवायला येणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं की हिला चार माणसांत बोलतं ठेवा. पुतण्याने कधीकाळी हौसेने घेतलेला आणि आठवड्यात टाकून दिलेला एक खेळ माळ्यावर होता. त्यात एक जण गोष्ट चालवतो आणि बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र होतात. आपलं पात्र काय करतंय ते तोंडाने सांगायचं. जमलं की फसलं ते फासे ठरवतात. गोष्ट मी चालवायची. दर रविवारी सगळे जमायचे. माझ्या प्रेमापोटी नव्हे, दुपारचं जेवण इथे मिळायचं म्हणून.

सगळे म्हणायचे, ‘आत्याचा खेळ म्हणजे नुसती करमणूक.’ असेल त्यांची. मी टेबलाच्या या बाजूला बसून एकेकाची सालं निघताना बघत होते. पात्र निवडताना प्रत्येकाने आपल्याला शोभेल असा मुखवटा घेतला. पण तीन तास मुखवटा घालून बसलं की माणसाला घाम येतो, आणि मग जो तो आपल्या मूळ वळणावर जातो. मी स्वतः पात्र घेतलं नाही. मी राक्षस, दरोडेखोर, जकातवाले आणि खानावळवाल्या झाले. धाकटी एकदा म्हणाली, “ताई... तुझे... राक्षस... सगळे... तूच.” मी म्हटलं, असू दे, राक्षस निदान तोंडावर बोलतात.

कलम एक. माझे थोरले बंधू, म्हणजे दादा. दादाने कायम सरदार घेतला. चिलखत, तलवार आणि भाषणं. ‘मी जिवंत असेतो तुमच्या केसाला धक्का लागणार नाही!’ असं गर्जून झालं आणि दार उघडायची वेळ आली की हळूच म्हणायचा, “मशालवाल्याला पुढे होऊ दे. त्याच्याकडे उजेड आहे.” मशालवाला म्हणजे गोष्टीतला भाड्याचा माणूस. तो खड्ड्यात पडला, उकळत्या तेलात भाजला, एकदा त्याला अजगराने गिळलं. दर वेळी दादा उभा राहून दोन शब्द बोलायचा आणि पुढच्या गावात नवा मशालवाला घ्यायचा. आधीच्याचं नाव काय होतं हे त्याने एकदाही विचारलं नाही. धाकटी इस्पितळात होती तेव्हाही त्याने डॉक्टरांसमोर असंच भाषण ठोकलं, की आम्ही सगळे तिच्या पाठीशी आहोत. रात्री तिच्याजवळ बसायला मात्र मला पुढे केलं. दादाला माझी हातांची लाकडी खुर्ची द्यावी. तिची पाठ उंच आहे, मागे लपायला बरी पडेल.

कलम दोन. वहिनी. वहिनी वैदीण व्हायची. औषधाच्या कुप्या तिच्या झोळीत. कोणी जखमी होऊन पडलं की तिचं सुरू, “आत्ता नको, पुढे खरी गरज लागेल. वेळप्रसंगाला हाताशी असावं बाई.” पुतणसून रक्ताने न्हाली, तरी कुपी निघाली नाही. शेवटी एका पुलावर वैदीणच मेली, झोळी भरलेली तशीच. स्वतःसाठीसुद्धा तिने झाकण उघडलं नाही. तिच्या घरी कपाटात एक कपबश्यांचा संच आहे. लग्नात आलेला. मला अजून त्यातून चहा मिळालेला नाही, आणि आता मिळेल असंही वाटत नाही. वहिनीला माझ्या रोजच्या बश्या द्याव्यात, कडा उडालेल्या. चांगल्या दिल्या तर त्या बिचाऱ्या जन्मभर अंधारात बसतील.

कलम तीन. पुतण्या, म्हणजे या दोघांचं कर्तृत्व. जागांची दलाली करतो. त्याने चोर घेतला, आणि चोराने राजवाडे सोडून आपल्याच सोबत्यांची गाठोडी उचकली. विचारलं तर हात झटकून म्हणायचा, “मी नाही गं आत्या, माझं पात्रच तसं आहे.” वा रे पठ्ठ्या! पात्र काय आभाळातून पडलं? दुसऱ्याची पाळी चालू असताना हा उठून टेप लावून माझ्या खोल्या मोजायचा. कशाला म्हणून विचारलं तर म्हणे, “सहज गं.” मागच्या महिन्यात त्याने एका संस्थेचं रंगीत पत्रक आणलं. वर बागेत हसणारी एक आजीबाई. धाकटीच्या डोक्यावरून मला म्हणाला, “तुझ्यानंतर हिला इथे टाकू. सगळी सोय असते. घर मोकळं झालं की मी बघतो पुढचं.” हिला! इथे टाकू! धाकटी समोरच बसली होती, हातात फासे घेऊन. पुतण्याला मी काहीही देत नाही. त्याने वाईट वाटून घेऊ नये. मी नाही, माझं मृत्युपत्रच तसं आहे.

कलम चार. पुतणसून. औषधांच्या दुकानात कामाला आहे. हळू बोलते, नीट वागते, जेवण झाल्यावर न सांगता ताटं उचलते. या घराण्यात आली हे तिचं दुर्दैव. ती धनुर्धारी व्हायची, आणि अख्ख्या टेबलावर ती एकटीच विचारायची, “मशालवाला जेवला का?” तो खड्ड्यात पडला तेव्हा दोर टाकला तो तिनेच. म्हणून मी या कलमात असं लिहिलं होतं की माझं राहतं घर पुतणसुनेच्या नावे करावं, या अटीवर की तिने धाकटीचा तहहयात सांभाळ करावा.

तो मजकूर मी खोडला आहे. खोडल्याजागी माझी आणि दोन्ही साक्षीदारांची सही आहे. का खोडला ते लिहिते.

कच्चा मसुदा मी धाकटीला वाचून दाखवला. दादाचं कलम ऐकून ती खूप हसली, बश्यांना तर डोळ्यांतून पाणी आलं तिच्या. कलम चार झालं आणि तिने हात वर केला.

“परत... वाच.”

मी परत वाचलं.

“झाड,” ती म्हणाली.

“कुठलं झाड?”

“झाडाला... बांधलं... तिने.”

मग मला आठवलं. धाकटी खेळात जहाजाची कप्तान असायची. तिचे हुकूम दोन-तीन शब्दांचे, त्याहून जास्त तिला निघत नसत, पण ते बरोबर असत आणि सगळे मुकाट ऐकत. दादा म्हणायचा, “कल्पनेत तरी राज्य करू दे बिचारीला.” कल्पना कसली डोंबलाची! फळबाजार विचारा. तर एका लढाईत कप्तान जखमी झाली. तिची माणसं जळत्या जहाजावर अडकली होती आणि तिला परत जायचं होतं. पुतणसुनेने तिला दोराने झाडाला बांधलं. “धाकट्या आत्या, तुमच्या भल्यासाठीच हं,” असं म्हणत, हसून. सगळ्यांनी वाहवा केली. सोबत्याचा जीव वाचवला म्हणून मी तिला वरचे गुणही दिले. त्या रविवारी धाकटीची पाळी आली की ती म्हणायची, “सोड.” पुतणसून म्हणायची, “नाही हं.” फिरून पाळी, फिरून “सोड”, फिरून “नाही हं”. जहाज बुडालं. आम्ही जेवायला उठलो.

“अगं, ती चांगली मुलगी आहे,” मी म्हटलं.

“हो,” धाकटी म्हणाली. “चांगली... आहे.” आणि मग बराच वेळ घेऊन, “घर... दे... तिला. मला... नको... देऊस.”

मला राग आला. मी म्हटलं, “मग करणार काय आहेस तू? पडलीस तर उचलणार कोण? स्वयंपाक कोण करणार?”

“बाई... ठेवेन.”

“अगं, तेच तर ती बघेल ना!”

“मी,” तिने डावा हात टेबलावर आपटला. “मी... ठेवेन.”

मी कलम पुन्हा वाचलं. आधी घर लिहिलं होतं, मग त्याला जोडून बहीण, जसं कपाट आणि त्यातल्या हांड्या. पुतण्याने तेच पत्रक दाखवून सांगितलं, मी कायद्याच्या भाषेत. एवढी वर्षं चौघांच्या नावाने नाकं मुरडली आणि ऐन वेळी मीही त्यांच्याच रांगेत जाऊन बसले. लाज वाटली मला.

सबब सुधारित कलम चार येणेप्रमाणे. माझ्या मृत्यूनंतर माझं राहतं घर आणि बँकेतली ठेव माझ्या धाकट्या बहिणीस पूर्ण मालकी हक्काने मिळावी. कुठलीही अट नाही. तिच्यावर कोणी पालक नाही. तिने घर विकावं, भाड्याने द्यावं, लाल रंगाने रंगवावं किंवा रविवारी आलेल्यांना दारातून परत पाठवावं. संस्थेत जायचं तर तिने स्वतःच्या पायांनी जावं, आणि तिथली व्यवस्था पसंत नसेल तर त्यांची हजेरी घेऊन परत यावं.

कलम पाच. पुतणसुनेला खेळाची पेटी द्यावी, फासे आणि नकाशांसकट. यापुढे गोष्ट तिने चालवावी. गावंच्या गावं सांभाळायला मिळतील तिला, रोज एकाचं भलं करता येईल, आणि जिवंत माणसं सुटतील. हे मी मायेने लिहिते आहे, तिला तसं वाटणार नाही.

कलम सहा. या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून मी धाकटीची नेमणूक करते. सगळ्यांना जमवून हे तिने मोठ्याने वाचावं, पहिल्या ओळीपासून. वेळ लागेल. पाणी पिऊन बसा. ती वाचत असताना जो कोणी तिचा शब्द मध्येच उचलून पुरा करेल, त्याचं कलम तिथल्या तिथे रद्द. दादा, घड्याळाकडे बघून खाकरणं हेही बोलणंच धरलं जाईल.

हा शेवटचा परिच्छेद तालमीनंतर जोडला आहे. काल दुपारी धाकटीने दोन्ही साक्षीदारांसमोर सगळं वाचून काढलं. ‘चिलखत’पाशी ती थांबली तेव्हा साक्षीदारांपैकी एकाने, म्हणजे तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी, भलेपणाने शब्द पुरवला. तिने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी स्वतःचंच तोंड हाताने झाकलं. साक्षीदाराला नाहीतरी काही देता येत नाही, म्हणून वाचले. ‘स्वकष्टार्जित’ तिने एका दमात म्हटला. ‘तहहयात’ सहज निघाला. सुधारित कलम चारपाशी आली, ‘माझ्या’ म्हणाली आणि थांबली. पुढचा शब्द वर लिहिलाच आहे, म्हणायला काही अवघड नाही. जीभही अडली नव्हती, मला तिची जीभ अडलेली कळते. तिने कागद खाली ठेवला, माझ्याकडे बघितलं, परत उचलला. शब्द माझ्या तोंडाशी आला होता. मी दिला नाही. आम्ही चौघं बसून राहिलो, आणि तिला जेव्हा म्हणावासा वाटला तेव्हा तिने तो म्हटला.

येणेप्रमाणे लिहून ठेवलं, वाचून घेतलं, बरोबर आहे.

सही: लिहून ठेवणारी (सही आजवर बँकेलाही वाचता आलेली नाही, ती माझीच आहे.)

साक्षीदार: सही, दातांचे डॉक्टर, तळमजला. मृत्युपत्र करणारीने माझ्यासमक्ष सही केली. तिने माझ्याकडून दाताचं काम कधीच करून घेतलं नाही, सबब माझा कसलाही हितसंबंध नाही.

साक्षीदार: सही, धाकट्या बाईंना बोलायला शिकवणारी. माझ्यासमक्ष.

स्थळ: राहत्या घरी, जेवणाच्या टेबलावर.
दिनांक: चौदा मार्च, गुरुवार.