‘पाय’ या नात्याचा दाखला

प्रति,
मा. मृत्युपत्र नोंदणी अधिकारी,
करमळवाडा उपकार्यालय, तालुका डिचोली.

विषय : मृत्युपत्रातील ‘लाभार्थीशी नाते’ या रकान्याबाबत चौथा अर्ज.
संदर्भ : आपले तीन आक्षेप.

महोदय,

१. मी खाणीवरील वजनकाट्याचा निवृत्त कारकून, राहणार मये. निवृत्तीच्या पुंजीतला अर्धा वाटा गोव्याच्या कायद्याने माझा मुलगा प्रज्योत याचा आहे. तो त्याला लखलाभ. उरलेला अर्धा मी ख्रिस्ती मिशनच्या शुश्रूषाघराला ठेवू इच्छितो. माझी पत्नी सत्यवती शेवटचे सात महिने तिथे होती.

२. प्रथम मी ‘नाते नाही’ असे लिहिले. आक्षेप आला की, नाते नसताना दान संशयास्पद आहे, धर्म बदलला काय? नाही बदलला. मिशनने मला साधी मेणबत्तीही लावायला सांगितलेली नाही.

३. तेथील सिस्टर एस्पेरांस मला ‘पाय’ म्हणते. ख्रिस्ती घरांत वडिलांना कोकणीत तसेच म्हणतात. म्हणून दुसऱ्या वेळी तेच नाते लिहिले. शेरा मिळाला : ‘अवयव नात्यात बसत नाही. पायाचा वैद्यकीय दाखला जोडावा.’ आपले लिपिक डिचोलीचेच, त्यांना शब्द ठाऊक आहे. पण अर्ज मराठीत असल्याने अर्थही मराठीच धरावा लागतो, असे त्यांचे म्हणणे.

४. मी निमूटपणे दाखला आणला. त्यावर तिसरा आक्षेप : पाय धडधाकट असताना शुश्रूषाघराशी संबंध काय? मला या प्रश्नाची लाज वाटली. आपल्याला वाटली नसावी.

५. दरम्यान कार्यालयातून कोणीतरी प्रज्योतला कळवले. तो चार वर्षांनी घरी आला. उंबऱ्यातूनच म्हणाला, “बाबा, हांव जितो आसतना दुडू मिशनाक?” विचारले ते पैशांचे, आईबद्दल एक शब्द नाही. मला त्याचा संताप आला आणि अजून आहे.

६. हा अर्धाही त्याच्या नावे करून ‘मुलगा’ लिहिल्यास काम आजच होईल, असे लिपिक सांगतात. सत्यवती गेली त्या दिवशी मी त्याच मुलाला आणायला म्हापशाला गेलो होतो. तो आला नाही, आणि मी परतेपर्यंत ती गेली होती. तिच्या मृत्यूच्या नोंदीत ‘शेवटी हजर असलेले आप्त’ या रकान्यात एकच सही आहे, सिस्टर एस्पेरांसची. ती नोंद सरकारने एकही आक्षेप न घेता स्वीकारली. तिथे जे नाते चालले, तेच इथे लिहून घ्यावे.

आपला, नम्र राहून थकलेला,
गोकुळदास धाकू परब
मये, दि. १४ जुलै २०२५

सोबत :
१. दोन्ही पायांचा वैद्यकीय दाखला
२. मृत्यूच्या नोंदीची प्रत