जागा क्रमांक सात, कडुनिंबासह

लिहून ठेवणार : श्रीमती तानुबाई चुडामण पाटील, वय ७८ वर्षे, धंदा घरकाम व कुरकुर, राहणार फ्लॅट क्र. १०३, देवपूर, धुळे.

मी, वर नाव लिहिलेली बाई, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत असं वकीलसाहेब म्हणाले. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव टाकू शकणारे एकच होते, आमचे हे, एसटीत ड्रायव्हर. ते २०११ साली गेले, आणि त्यांचाही दबाव हॉर्नापुरताच होता.

१. राहता फ्लॅट मुलगा ज्ञानेश्वर यास मिळावा. तो विकून नाशिकला जायचं त्याने ठरवलं आहे, हे मला माहीत आहे. भिंतींना कान असतात आणि या इमारतीच्या भिंती तर पापडाएवढ्या आहेत. खुशाल विकावा. माझी हरकत फक्त कलम चारपुरती आहे.

२. मांडे भाजायचं खापर, पाटा-वरवंटा व पितळी घंगाळ सून दिपमाला हिला द्यावं. ती बँकेत मॅनेजर असल्यामुळे पुरणाचे मांडे विकत आणते. खापर वापरलं नाही तरी चालेल, त्यात मनीप्लांट लावू नये.

३. सोसायटीचे चेअरमन नेमीचंदभाऊ यांना गाडीवर टाकायचं एक नवं कव्हर द्यावं. कडुनिंबावरच्या पक्ष्यांमुळे सभासदांच्या वाहनांचं विद्रूपीकरण होतं, अशी अकरा पत्रं त्यांनी मला पाठवली आहेत. भाऊ दुकानात गेले की त्यांच्या सौभाग्यवती चंद्रकांताताई दुपारी त्याच कडुनिंबाला झोका खेळतात. ही गोष्ट मी हयात असेपर्यंत गुप्त राहील असा शब्द मी त्यांना दिला आहे, आणि मृत्युपत्र मेल्यावरच वाचतात.

४. तळमजल्यावरची पार्किंगची जागा क्र. ७. मला गाडी नाही, सायकलसुद्धा नाही. या जागेत कडुनिंब उभा असल्यामुळे ती कोणी घेईना. मी मागितली तेव्हा बिल्डरने दोनदा विचारलं, "आजी, नक्की?" सगळे म्हणाले, म्हातारीला टोपी घातली.

माझं माहेर इथेच होतं. हे रिटायर झाल्यावर आम्ही दोंडाईच्याहून घर पाहायला आलो, तर मला माझीच गल्ली सापडेना. आमच्या घराच्या जागी मोबाइलचं दुकान, गोठ्यात दातांचा दवाखाना आणि विहिरीवर जिम. मी रडकुंडीला आले. हे म्हणाले, "चाल, चहा पिऊत. तुनं माहेर काय पयी चालनं नही." पण ते पळूनच गेलं होतं. मग बांधकामाच्या पत्र्यांआड मला निंब दिसला. त्याच्या खोडावर, दोन पुरुष उंचीवर, फांदी तुटल्याची गाठ आहे. ती गाठ मी डोळे मिटूनही ओळखीन, कारण ती फांदी तुटली तेव्हा मी तिच्यावर होते. ते कलम सहात येईल.

सदर जागा झाडासह, सावलीसह व पक्ष्यांसह मी श्रीमती इंदिराबाई जीवराम महाजन, राहणार जुने धुळे, यांना देते. ती माझी बहीण नाही, विहीण नाही. ती माझी वैरीण आहे.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी झोके घ्यायच्या, गाणी म्हणायच्या, आणि गौराई बोळवायला नदीवर गेल्या की पांझरेच्या या काठावरून देवपूरच्या आणि त्या काठावरून धुळ्याच्या, एकमेकींना मनसोक्त शिव्या द्यायच्या. वर्षभर सासू-नणंदांचं मुकाट्याने ऐकलेलं असायचं, ते त्या दिवशी निघायचं. सूर्य मावळताना ज्या काठाचा शेवटचा शब्द, तो काठ जिंकला. आता दोन्ही काठांनी रस्ते झाले. पोरी आखाजीला येत नाहीत, सुट्टी पाहून गोव्याला जातात. उरलो आम्ही दोघी. गाड्यांच्या आवाजात काही ऐकू येत नाही म्हणून पाच-सहा वर्षांपासून आम्ही मोबाइलवर शिव्या देतो. दोघींनाही कमी ऐकू येतं, त्यामुळे स्पीकर चालू ठेवावा लागतो, आणि सोसायटीतल्या पोरांचा शब्दसंग्रह वाढला आहे. बारावं पत्र त्याबद्दलच आहे.

झाड ज्ञानेश्वरकडे गेलं तर फ्लॅटबरोबर विकलं जाईल आणि घेणारा दुसऱ्या दिवशी कुऱ्हाड लावील. ज्ञानेश्वर वाईट नाही, पण त्याला झोका म्हणजे बाल्कनीत टांगतात तो. आखाजी काय असते ते आता फक्त इंदीला कळतं. तिच्यावाचून माझा सण होत नाही आणि मी गेल्यावर तिचा होणार नाही, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून निंब तिला. हे सोसायटीच्या नियमात बसत नाही असं नेमीचंदभाऊ म्हणतील. त्यांना कलम तीन दाखवावं.

५. झोक्याचा दोर. तो नायलॉनचा आहे, याची मला लाज वाटते, पण अंबाडीचा दोर वळून देणारं आता कोणी सापडत नाही. दरवर्षी शिडीवर चढून दिपमालाच तो बांधते. बँकेची साडी मळेल म्हणून बडबडते, पण गाठ पक्की मारते. जागा इंदीची झाली तरी हे काम दिपमालाने सोडू नये. इंदीचं वजन लक्षात घेऊन दोन गाठी माराव्यात.

६. सन १९६३ च्या आखाजीला, सूर्य टेकता टेकता, इंदीने पलीकडच्या काठावरून मला पुढील शिवी दिली :

"देवपूरनी तानी, चुल्हामा वतस पानी,
झोकावर बठनी, ते फांदीच तुटनी!"

दोनशे बाया हसल्या. मला उत्तर सुचेपर्यंत अंधार पडला. नंतरच्या सगळ्या आखाजींच्या शिव्या जिथल्या तिथे फिटल्या, ही एकच राहिली. मी शपथेवर नमूद करते की फांदी तुटली तेव्हा झोक्यावर आम्ही चौघी होतो. गेल्या दिवाळीत मेथी निवडताना मला अखेर उत्तर सुचलं :

"धुयानी इंदी, डोयावर चिंधी,
चार जनी झोकावर, एकच देखस आंधी!"

यंदाच्या आखाजीला मी हे मुद्दाम सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने उलट उत्तर दिलं असतं. मेलेल्या माणसाला उलट उत्तर देता येत नाही. तरी माझ्या गंधमुक्तीच्या दिवशी, सुतक फिटलं की, ज्ञानेश्वरने पांझरेच्या पुलावर इंदीला बोलावून हे खणखणीत आवाजात म्हणावं व ताबडतोब रिक्षात बसून निघून यावं. शेवटचा शब्द देवपूरचा राहील.

पुरवणी. वरील मजकूर नोंदवायला मी, ज्ञानेश्वर व दिपमाला आज निबंधक कार्यालयात आलो. ठरलेल्या दोन साक्षीदारांपैकी एकाच्या घरी हळद निघाली व दुसऱ्याला ऊन लागलं. ज्ञानेश्वरने मला न विचारता इंदीला फोन करून बोलावलं. आम्हाला गाडीतून घेऊन आलेले नेमीचंदभाऊ तिथे होतेच. वकीलसाहेबांनी सांगितलं, "ज्याला यातून काही मिळणार, त्याने साक्षीदार होऊ नये. सही करायची तर मिळायचं ते सोडावं लागेल." मी कागद पदराखाली घ्यायला गेले, पण इंदीने तो ओढून चष्मा लावला. "वाचाबिगर सही करू? मी काय येडी शे?"

आणि तिने सगळं मोठ्याने वाचलं, भरल्या कार्यालयात. कलम तीनला नेमीचंदभाऊ वरच्या पंख्याकडे बघत राहिले. कलम चारला ती थांबली आणि चष्मा पुसला. कलम सहा तिने माझ्याच आवाजात म्हटलं, आणि श्वाससुद्धा न घेता पुढे म्हणाली,

"चार जनी व्हत्यात व माय, पन तीन जनी हलक्या व्हत्यात!"

शिक्का मारणारा माणूस शिक्का ठेवून हसला. दिपमाला हसली.

इंदीने पेन मागितलं. वकीलसाहेब म्हणाले, "बाई, सही केली तर जागा जाईल."

"जाऊ दे. निंब लीसन मी काय करू? झोका मी खासू, मंग माले शिव्या कोन दी? तानी, तू जित्ती ऱ्हाय, बस." आणि तिने सही केली.

नेमीचंदभाऊंनी तिच्या हातून पेन घेतलं. मग म्हणाले, "माझंही कव्हर राहू द्या," आणि त्यांनीही केली.

सबब, कलम तीन रद्द. कलम चारमधली जागा आता दिपमाला हिला, शिडीसह. झाड तोडायचं नाही आणि दर आखाजीला इंदीसाठी झोका बांधायचा. कलम सहा फुकट गेल्यामुळे रद्द. तिथे नवं उत्तर लिहायचं आहे, ते अजून सुचलेलं नाही. ते सुचेपर्यंत मी मरणार नाही, याची सर्व संबंधितांनी, विशेषतः नाशिकला जाणाऱ्यांनी, नोंद घ्यावी.

लिहून ठेवणार : तानुबाई चुडामण पाटील (सही)

साक्षीदार :
१. नेमीचंद (सही), चेअरमन
२. इंदिराबाई जीवराम महाजन (सही)
सहीखाली तिच्याच अक्षरात : घाई नही शे. सावकाश सुचू दे.

स्थळ : धुळे
दिनांक : १४ मे २०२५