सलग सीट निघाली तेव्हा

३ फेब्रुवारी

गाडी पुन्हा फाटकाला घासली. ह्यांचं म्हणणं, फाटक वाकलंय. मी जाऊन पाहिलं. फाटक जिथं होतं तिथंच आहे. डाव्या मडगार्डवर मात्र हातभर ओरखडा. "रंग मारून घेऊ," म्हणाले आणि चहा मागितला.

५ फेब्रुवारी

लेकीचा फोन. तोच विषय — ती गाडी विका आता.

"बाबा, ती गाडी माझ्यापेक्षा मोठी आहे वयानं."

"मग आधी तुला विकू," हे म्हणाले.

हसत बसले दोघं. मधल्यामध्ये माझा भात करपला.

९ फेब्रुवारी

जेवताना एकदम जाहीर केलं — पुढची सीट बदलायची! भंगारवाल्याकडे आपल्याच गाडीचं नवं मॉडेल आलंय. मागून ट्रकनं ठोकलेलं, पुढचा भाग धडधाकट. त्यातल्या सीटा काढून आपल्या गाडीत बसवायच्या. सुट्या सुट्या, वर-खाली होणाऱ्या, पाठीला आधार देणाऱ्या.

"कशाला?"

"पाठ दुखते."

"कधीपासून?"

"आहे आपली."

ह्यांची पाठ मी चांगली ओळखते. गुडघे कुरकुरतात, दात कुरकुरतात, पाठीनं कधी तोंड उघडलेलं नाही. पण ह्या वयात नवीन काही सुरू होऊ शकतं. गरम पाण्याची पिशवी दिली. निमूटपणे घेतली. म्हणजे दुखत असणार.

१० फेब्रुवारी

दिवसभर मन लागलं नाही. आपल्या गाडीत पुढं एकच सलग सीट आहे — ह्या दारापासून त्या दारापर्यंत, घरातल्या कोचासारखी. लग्नानंतर पहिल्यांदा त्या गाडीत बसले तेव्हा मी पार दाराला चिकटून बसले होते. घाटाच्या वळणांवर आपोआप सरकत सरकत ह्यांच्या खांद्यापाशी आले. परत दाराकडे गेलेच नाही. लेक झाली तेव्हा तिला आमच्या मध्ये ठेवायचो. ती मोठी झाली, मागं बसायला लागली, मी परत सरकले.

आता मध्ये खाच येणार. हे तिकडे, मी इकडे. दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखे.

बोलले नाही काही. पाठीपुढं काय बोलणार.

१४ फेब्रुवारी

आज न राहवून बोललेच. "मला न विचारता ठरवलंत."

"तुला आवडतील गं."

"मला आहे ती आवडते."

मग मी अबोला धरला. संध्याकाळी ह्यांनी टेबलावरचा तांब्या हातानं पाडला — शेजारीच ठेवलेला, चांगला मोठा! पाणी पुसता पुसता मला हसू आलं आणि अबोला फुकट गेला.

१७ फेब्रुवारी

मिस्त्रीकडे गेलो. मिस्त्री म्हणजे ह्या गाडीचा फॅमिली डॉक्टर. बॉनेट उघडायच्या आधी तिच्यावर थोपटतो. सीटा बघून त्यानं कपाळाला हात लावला.

"साहेब, ही नवी पिढी जुन्या घरात नांदायची नाही."

झालं असं — सलग सीट दोन टोकांच्या दोन पट्ट्यांवर सरकते. नव्या प्रत्येक सीटला चार पाय. बाहेरचे पाय कसेबसे जुळतात, आतल्यांच्या खाली काहीच नाही, नुसता पातळ पत्रा. त्या पत्र्यावर सीट ठोकली आणि जोरात ब्रेक मारला तर सीटसकट माणूस काचेवर.

"मग?"

"आडवा चौकोनी पाइप टाकावा लागेल. खालून पट्टी, वरून पाइप, मध्ये पत्रा. सँडविच."

हे खूश. मी मनातल्या मनात प्रार्थना केली की पत्रा सडका निघो.

१९ फेब्रुवारी

पत्रा सडका निघाला!

सलग सीट उचलली. खालून निघालेला खजिना — लेकीची एक क्लिप, खडूचे तुकडे, एक बांगडी (माझी, मी कामवालीवर संशय घेतला होता, देव मला माफ करो), आणि गंजून जाळी झालेला पत्रा. जाळीतून खालची जमीन दिसत होती. मिस्त्रीनं स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर आरपार.

मला वाटलं, सुटले. तर मिस्त्री म्हणतो, "बरं झालं उचलली. बाई, तुम्ही ह्याच्यावर बसत होता."

म्हणजे आता सीट बदलणं हे माझा जीव वाचवणं ठरलं. हरले.

२१ फेब्रुवारी

सलग सीट घरी आली. हे आणि रिक्षावाला, दोघांनी धरून आणली. मला वाटलं माळ्यावर टाकतील. तर खाली विटांचे चार ढीग रचले, व्हरांड्यात भिंतीला लावून बसवली. दुपारचा चहा तिथंच घेतला. दोघं. मी मुद्दाम टोकाला बसले.

"इथं घाट नाही," हे म्हणाले. "स्वतःहूनच सरकावं लागेल."

सरकले.

२५ फेब्रुवारी

नवा पत्रा झाला, पाइप झाला. आज सीटा ठेवून बघितल्या. ड्रायव्हरच्या सीटवर हे बसले आणि डोकं छताला लागलं. नवी सीट उंच आणि त्यात हे ताडमाड. मिस्त्री म्हणाला, पाइप कापून दोन बोटं खाली घेतो.

"नको. ही बाजू उंचच असू दे," हे म्हणाले. "शेजारची खाली घ्या."

"अहो, टक्कल छताला घासेल तुमचं," मी म्हटलं.

"चालवणाऱ्याला लांबचं दिसलं पाहिजे."

आणि पुढं म्हणे, ड्रायव्हरची सीट अजून पुढं सरकायला हवी, त्या बाजूला जादा भोकं पाडा. मिस्त्रीनं माझ्याकडे बघितलं. मी मिस्त्रीकडे. ह्यांचे गुडघे हनुवटीला लागतील! पण म्हातारा माणूस हट्टाला पेटला की कोण बोलणार. मिस्त्रीनं ड्रिल उचललं.

२८ फेब्रुवारी

नव्या सीटांचं कापड राखाडी, त्यावर लाल रेघा. म्हाताऱ्या माणसाला शाळेचा गणवेश घातल्यासारखं दिसतं. मीच खोळी शिवायला घेतल्या. जुन्या सीटसारखंच चॉकलेटी रेक्झिन मिळालं. मशीनच्या दोन सुया मोडल्या. कोपऱ्याची दुमड काही केल्या बसेना, तर हे समोर स्टूल घेऊन बसले आणि रेक्झिन ताणून धरलं. बराच वेळ. बोटं लाल झाली.

"पाठ?" मी विचारलं.

"कसली पाठ?"

मग आठवलं त्यांना. "हां. बरी आहे आज."

लबाड! काहीतरी शिजतंय. लेकीनं आपली नवी गाडी देऊ केली तर 'आमची नवीच आहे' म्हणायची सोय करून ठेवत असतील.

४ मार्च

सीटा बसल्या. मिस्त्रीनं प्रत्येक बोल्ट मला दाखवून आवळला. बेल्टही नवे टाकले. मग सीटला दोर बांधून दोन माणसांनी ओढून पाहिलं, तसूभर हलली नाही.

"बाई, तुम्ही बसून बघा," म्हणाला. मी शेजारच्या सीटकडे वळले तर हे म्हणतात, "अगं, इकडे. ड्रायव्हरच्या बस."

बसले. नोकरीत असताना दवाखान्याची जीप मीच चालवायचे. पाड्यापाड्यांवर लसी घेऊन जायचे, चिखल म्हणू नका, ओढे म्हणू नका. ही घरची गाडी मात्र कधी हातात आली नाही. सलग सीट माझ्यासाठी पुढं ओढली की शेजारी ह्यांचे पाय दुमडायचे, आणि मागं ठेवली की माझा पाय क्लचपर्यंत जायचा नाही. आज खटका दाबला, माझी एकटीचीच सीट पुढं आली. शेजारची जागच्या जागी. पाय नीट टेकले. बॉनेटच्या टोकापर्यंत सगळं दिसलं.

"छान बेतलीय," मिस्त्री म्हणाला. हे खिडकीत हात ठेवून उभे होते.

घरी येताना हेच चालवत होते. मान तिरकी, टक्कल छताला. मला बिचाऱ्यांची दया आली. मध्ये खाच होती, पण खोळ चांगली बसलीय.

५ मार्च

फाटकाला रंग दिला. पांढरा.

८ मार्च

सकाळी ह्यांनी गाडीची चावी माझ्या तळहातावर ठेवली आणि जाऊन शेजारच्या सीटवर बसले. मग म्हणाले, डोळ्यांच्या डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद सांगितलंय. समोरचं दिसतं, दोन्ही कडांचं गेलं, आणि गेलेलं परत येत नाही. सीटा आणायच्या आधीच एकटे जाऊन आले होते. पाठीला कधीच काही झालं नव्हतं.

"तुम्हाला कळलं कसं?" मी विचारलं.

"चालवताना तू दिसेनाशी झालीस," म्हणाले. "शेजारी असायचीस, आवाज यायचा. पण मान वळवल्याशिवाय दिसायची नाहीस."

मी गाडी सुरू केली. धरणापर्यंत जाऊन आलो. येता-जाता सगळा रस्ता हे माझ्याकडे तोंड करून बसले होते.